रंग आपला, लोडर दुसऱ्याचा: पुण्यातल्या एका कंपनीचे प्रकरण

हे प्रकरण पुणे जिल्ह्यातल्या, बांधकामाची यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीचे आहे. या कंपनीने छोटा लोडर, म्हणजे माती-माल उचलून टाकणारे छोटे यंत्र, स्वतः न बनवता परदेशी कारखान्याचा तयार लोडर आपल्या रंगात, आपल्या नावाने विकायला घेतला. सुटे भाग आणि विक्रीनंतरची सेवा यांपुरता सल्ला देण्यासाठी मी या कामात होतो. त्यामुळे बैठका, करार आणि नंतरची धावपळ जवळून पाहता आली. कंपनी, पुरवठादार, डीलर, गिऱ्हाईक यांपैकी कोणाचेही नाव दिलेले नाही आणि ओळख पटू नये म्हणून आकडे ढोबळ ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

पुण्याच्या आसपास यंत्र बनवण्याच्या अकलेला तोटा नाही. तळेगावला जेसीबीचा कारखाना आहे. चाकणला ह्युंदाई आणि सॅनीचे एक्स्कॅव्हेटर बनतात, महिंद्राचा बॅकहो लोडरही, म्हणजे पुढे बकेट आणि मागे खोदणारा बाहू असलेले यंत्र, चाकणचाच. रांजणगावला कॅरारोचे ॲक्सल बनतात. वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. गाड्यांबरोबर अशा यंत्रांची तपासणी आणि मान्यताही तिथे होते. पंप, ॲक्सल, कास्टिंग, फॅब्रिकेशन सगळे पन्नास किलोमीटरच्या आत मिळत असताना इथल्या कंपनीने दुसऱ्याचा लोडर का घ्यावा? बाहेरच्या माणसाला हा प्रश्न पडतोच, आणि कंपनीच्या आत तर त्यावरून महिनोन्‌महिने वाद झाला.

आपली कंपनी वर नाव घेतलेल्यांपैकी कोणतीही नव्हे. त्यांच्यापेक्षा बरीच लहान, एका कुटुंबाची, भोसरीत सुरू होऊन पुढे चाकण रस्त्याला गेलेली. बॅकहो लोडर हे तिचे मुख्य उत्पादन आणि जोडीला मातीचे रोलर. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणात मिळून चाळीसेक डीलर.

ज्या यंत्राची ही गोष्ट आहे तो स्किड स्टिअर लोडर. त्याचे एकही चाक वळत नाही. डावीकडची दोन चाके एका हायड्रॉलिक पंपावर आणि उजवीकडची दोन दुसऱ्यावर चालतात. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे फिरवली की यंत्र जागच्या जागी गर्रकन फिरते. अमेरिकेत मिनेसोटामधल्या रॉथसे गावी केलर बंधूंनी १९५७ मध्ये टर्की पक्ष्यांच्या खुराड्यातली घाण उपसायला असे पहिले यंत्र बनवले, तेव्हा त्याला तीनच चाके होती. पुढच्या वर्षी मेलरो कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९६२ मध्ये त्याला बॉबकॅट हे नाव मिळाले. आपल्याकडे साइटवर कोणत्याही बॅकहोला जेसीबी म्हणतात तसे कोणत्याही छोट्या लोडरला बॉबकॅट म्हणतात. मोठे यंत्र जात नाही तिथे हे जाते: पेठेतल्या इमारतीच्या तळघराचे खोदकाम, फाउंड्रीतली वाळू आणि स्लॅग (धातूचा मळ), रेडीमिक्स काँक्रीटचा प्लांट, साखर कारखान्याचे बगॅसचे (उसाच्या चिपाडांचे) ढीग.

अडचण कुठून सुरू झाली

कंपनीला छोटा लोडर हवा होता तो लोडर विकून पैसा मिळवायला नव्हे. हे नीट समजल्याशिवाय पुढचे काही समजत नाही.

२०२१ च्या डीलर बैठकीत सांगलीकडच्या एका डीलरने विषय काढला. त्याच्या भागातल्या एका साखर कारखान्याकडे आपल्या कंपनीचे बॅकहो वर्षानुवर्षे होते. कारखान्याने बगॅस ढकलायला दोन छोटे लोडर घेतले. आपल्याकडे नव्हतेच, म्हणून दुसऱ्या कंपनीचे. हंगामात त्या कंपनीची सर्व्हिस व्हॅन आठवड्याला यार्डात यायला लागली. मेकॅनिकची ओळख वाढली, स्टोअरमध्ये त्यांचे फिल्टर आणि तेल आले, आणि पुढचा बॅकहो घ्यायची वेळ आली तेव्हा ऑर्डर तिकडेच गेली. डीलरचे बोलणे मी वहीत उतरवून घेतले होते: "साहेब, लोडरवर मला किती सुटतात ते सोडा. त्याची व्हॅन माझ्या गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहते, ती कशी थांबवायची ते सांगा."

त्यानंतर आणखी डीलर बोलते झाले. कोणाचा रेडीमिक्सवाला गेला होता, कोणाचा ठेकेदार. नुकसान छोट्या लोडरचे होत नव्हते, बॅकहोचे होत होते.

विक्री विभागाने अंदाज बांधला: आपल्या डीलरांच्या भागात चांगले चालले तर वर्षाला दीडशे-दोनशे लोडर. भारतात बॅकहोचा खप प्रचंड आहे, त्याच्यापुढे छोट्या लोडरचा अगदीच थोडा. इथेच घोडे अडले. एवढ्या खपासाठी नवे यंत्र उभे करायचे तर प्रत्येक यंत्रावर येणारा डिझाइन, साचे आणि चाचण्यांचा बोजा किमतीत बसत नाही. आणि यंत्र नाही म्हणून गप्प बसावे तर मुख्य धंद्याला गळती.

समोरचे पर्याय

काहीच न करण्याचा पर्याय पहिल्याच बैठकीत बाद झाला. परवाना घेऊन इथे बनवण्याचा विचार झाला, पण दोनशे यंत्रांसाठी कोणी परवाना देईना, दिला तर आगाऊ रक्कम परवडेना. खरी लढत दोन पर्यायांत होती: स्वतः बनवणे, किंवा कोणाचा तरी तयार लोडर आपल्या नावाने विकणे.

स्वतः बनवण्याची बाजू डिझाइन प्रमुखांनी मांडली, आणि ती लेचीपेची नव्हती. बाई या कंपनीत पंचवीस वर्षे आहेत. बॅकहोची आजची चेसिस त्यांच्या हातची. त्यांचे म्हणणे असे की दुसऱ्याचे यंत्र विकत राहिलो तर आपल्या पोरांना हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह, म्हणजे तेलाच्या दाबाने चाके फिरवणारी यंत्रणा, कधी शिकायला मिळणार? छोटा लोडर म्हणजे आकाराने लहान केलेला बॅकहो नव्हे. त्यात यंत्राच्या दोन्ही बाजूंना चाके फिरवणाऱ्या, तेलात बुडालेल्या साखळ्यांची पेटी असते, ऑपरेटर दोन बाहूंच्या मधोमध बसतो, इंजिन मागच्या दाराआड जेमतेम मावते. हे ज्ञान आज घेतले नाही तर दहा वर्षांनीही विकतच घ्यावे लागेल.

त्यांनी तीन वर्षांचा आराखडा दिला. केबिन उलटल्यावर माणूस वाचतो की नाही याची आयएसओ ३४७१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चाचणी, वरून वस्तू पडल्यास टिकते का याची आयएसओ ३४४९ नुसार. पहिल्या चाचणीत खरी केबिन जॅकने दाबून वाकवतात. ती पुन्हा वापरता येत नाही, आणि नापास झाली तर वेल्डिंगपासून नवी बनवायची. उचलण्याची क्षमता आयएसओ १४३९७ च्या पहिल्या भागाप्रमाणे ठरते: चाकांच्या लोडरने ज्या वजनाला मागची चाके उचलली त्याच्या निम्मे, ट्रॅकवाल्याने, म्हणजे चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्याने, ३५ टक्के. बकेट जोडायची पट्टी आयएसओ २४४१० प्रमाणे असावी लागते, म्हणजे बाजारातला कोणाचाही ब्रेकर किंवा झाडू बसतो. ही सगळी कामे पुण्यात होण्याजोगी होती.

आराखडा अडला तो धुरावर. २०२१ च्या एप्रिलपासून बांधकाम यंत्रांना सीईव्ही स्टेज ४ हा धुराचा नियम लागू झाला होता, पण ३७ किलोवॉट आणि त्यापुढच्या इंजिनांना. आपल्याला हवा होता तो लोडर ३६ किलोवॉटचा, साधारण सातशे किलो उचलणारा. तो जुन्या नियमात बसत होता. स्टेज ५ मात्र लहान इंजिनांनाही येणार होता आणि त्यात १९ किलोवॉटच्या वरच्या इंजिनांना धुरातल्या कणांच्या संख्येवरही मर्यादा. म्हणजे व्यवहारात कण गाळणारा फिल्टर बसवणे आलेच. तीन वर्षांत यंत्र तयार होणार आणि त्याच सुमाराला त्याचे इंजिन बदलावे लागणार, तेही जिथे हात घालायला जागा नाही अशा कप्प्यात. युरोपात मात्र या आकाराच्या इंजिनांना स्टेज ५ २०१९ पासूनच लागू होता. तिथल्या कारखान्यांनी फिल्टर, उष्णतेचे पत्रे, सेन्सर सगळे बसवून दाखवले होते. छोट्या खपाच्या यंत्रासाठी दुसऱ्याच्या दारात जाण्याचे हे फार मोठे कारण आहे, आणि पुण्यातल्या चर्चांमध्ये ते पुरेसे बोलले जात नाही असे मला वाटते. आपल्याला लोडर डिझाइन करता येत नाही असे मुळीच नाही. दर काही वर्षांनी तोच लोडर पुन्हा डिझाइन करण्याचा खर्च दोनशे यंत्रांवर वाटता येत नाही.

बाहेर हे कसे चालते

संचालकांना एक शंका होती: दुसऱ्याचे यंत्र आपल्या नावाने विकले तर अब्रू जाईल का? त्यासाठी आम्ही चार जुनी उदाहरणे टेबलावर ठेवली.

जॉन डिअरने कित्येक वर्षे न्यू हॉलंडने बनवलेले स्किड स्टिअर आपल्या हिरव्या-पिवळ्या रंगात विकले, आणि बाजार कळल्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वतःचे बनवायला घेतले. गेल या अमेरिकन कंपनीकडे स्वतःचे स्किड स्टिअर होते, तरी ट्रॅकवाले लोडर त्याने जपानच्या ताकेउचीकडून घेतले; तेच यंत्र मस्टँगच्या नावानेही विकले गेले. व्होल्वोने जेसीबीकडून बनवून घेतले. जेसीबीच्या लोडरला एकच बाहू असतो, उजव्या अंगाला, आणि ऑपरेटर डावीकडच्या दाराने आत शिरतो. असे यंत्र कोणत्याही रंगात रंगवा, जाणकार लांबून ओळखतो. तरी व्होल्वोच्या डीलरकडे ते विकले गेले, कारण गिऱ्हाइकाला आपल्या डीलरकडून एकाच बिलात सगळे हवे होते. या उदाहरणाने संचालकांची शंका फिटली.

चौथे उदाहरण कॅटरपिलर आणि अमेरिकेतल्याच एएसव्ही या छोट्या कंपनीचे. एएसव्हीचा रबरी ट्रॅक आणि त्याखालचा सगळा सांगाडा कॅटरपिलरने आपल्या लोडरसाठी घेतला, एएसव्हीचे समभागही घेतले. मग २००८ मध्ये एएसव्ही टेरेक्स या दुसऱ्या यंत्रकंपनीने विकत घेतली, पुढे तिच्यात फ्रान्सची मॅनिटू भागीदार झाली आणि २०१९ मध्ये ती जपानच्या यानमारकडे गेली. पुरवठादाराचा मालक बदलू शकतो, आणि नवा मालक आपलाच स्पर्धक असू शकतो. टेबलावरच्या कागदांत हे स्पष्ट लिहिले होते. पुढे काय झाले ते पाहता ही ओळ जास्त वेळ वाचायला हवी होती.

निर्णय

दोन पुरवठादार उरले. एक युरोपातला, जुना, कुटुंबाचा कारखाना; दुसरा पूर्व आशियातला, किमतीला बराच स्वस्त. दोघांचे एकेक यंत्र मागवून पिंपरीतल्या एका फाउंड्रीत आणि नंतर साखर कारखान्यात चालवले. स्वस्त यंत्र काम छान करत होते. पण त्याचा पार्ट्स कॅटलॉग अर्धवट होता आणि हायड्रॉलिक सर्किटचा नकाशा मागितला की "आमचा माणूस पाठवतो" असे उत्तर येई. युरोपवाल्याकडे प्रत्येक सीरियल नंबरमागे कोणता भाग कधी बदलला याची नोंद होती आणि स्टेज ५ चे इंजिन तयार होते. मी त्याच बाजूने मत दिले. डीलरला महाग यंत्र विकता येते, पण ज्याचा नकाशा नाही ते यंत्र दुरुस्त करता येत नाही.

यंत्रात बदल काय झाले? रंग आणि स्टिकर हे तर आहेच. मागच्या वजनाच्या ओतीव ठोकळ्यावर आपले नाव उठावात. धोक्याच्या सूचना मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये. युरोपातले यंत्र थंड हवेसाठी बांधलेले. फाउंड्रीत एप्रिलच्या दुपारी त्याचे तेल तापून यंत्र बंद पडले, म्हणून मोठा कूलर घेतला. बगॅसचे तंतू रेडिएटरच्या बारीक पात्यांत नमदा बसावा तसे बसतात, तेव्हा विरळ पात्यांचा रेडिएटर आणि मधूनमधून उलट फिरून कचरा बाहेर फुंकणारा पंखा घेतला. चांगले रीब्रँडिंग म्हणजे एवढे तरी काम. नुसते स्टिकर लावून विकणारे डीलरला अडचणीत आणतात.

करारावर खरी ओढाताण झाली. पुढचे सारे या टेबलावर ठरले, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न: सुटे भाग किती वर्षे? पुरवठादार सात म्हणाला, आम्ही दहा मिळवली, मॉडेल बंद झाल्यापासून मोजून. साखर कारखाने यंत्र पंधरा वर्षे चालवतात, पण दहाच्या पुढे कोणी सही करेना.

दुसरा: मान्यता कोणाच्या नावावर? चाकांच्या बांधकाम यंत्राला मोटार वाहन नियमांखाली मान्यता लागते. पुरवठादाराला ती स्वतःच्या नावावर हवी होती. आपल्या वकिलांनी तिथे पाय रोवले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःची खूण लावणाऱ्यालाही उत्पादकच धरले आहे. जबाबदारी आपल्या गळ्यात येणारच असेल तर कागदही आपल्याच नावावर हवा. हे मिळाले.

तिसरा: भागांचे नंबर कोणाचे? आपल्या पार्ट्स विभागाचा आग्रह होता की कॅटलॉगमध्ये पुरवठादाराचे नंबर दिसताच कामा नयेत, सगळ्यांना आपले नवे नंबर द्यायचे. नाहीतर गिऱ्हाईक इंटरनेटवर मूळ नंबर शोधून परभारे मागवेल. मी विरोध केला, पण पार्ट्सचा नफा हाच या प्रकल्पातला मुख्य नफा होता, आणि त्यांचे ऐकले गेले.

चौथा: पुरवठादार विकला गेला तर? मसुद्यात कलम होते की मालकी बदलल्यास आपल्याला तीन वर्षे त्याच अटींवर पुरवठा आणि सगळी तांत्रिक कागदपत्रे मिळतील. पुरवठादार म्हणाला, हे कलम काढा, मी किमतीत चार टक्के सोडतो. कारखान्याचे म्हातारे मालक स्वतः पुण्याला आले होते, माणूस सरळ आणि शब्दाचा पक्का. चार टक्क्यांनी यंत्र स्पर्धकाच्या भावात बसत होते. कलम गेले, आणि त्याऐवजी पाच वर्षे भारतात दुसऱ्या कोणाला हे यंत्र न देण्याची हमी घेतली.

प्रत्यक्षात काय घडले

विक्री २०२२ च्या गळीत हंगामाआधी सुरू झाली. पहिल्या वर्षी शंभराच्या आतच यंत्रे गेली, पण ती जिथे जायला हवी होती तिथे गेली. सांगलीच्या डीलरने त्याच साखर कारखान्याला तीन दिली.

त्याच कारखान्यात दुसऱ्या हंगामात, जानेवारीत, एका लोडरची डावी बाजू हळू पडू लागली. मेकॅनिकने चार्ज प्रेशर, म्हणजे ड्राइव्हला तेल पुरवणारा दाब, मोजला, तो कमी आला. केस ड्रेनचा, म्हणजे मोटरमधून गळून परतणाऱ्या तेलाचा, फिल्टर उघडला तर त्यात झिजलेल्या धातूची पितळी चकाकी, आणि ड्राइव्ह मोटरच्या शाफ्टवरच्या सीलमधून तेल साखळीच्या पेटीत उतरत होते. निदान अचूक होते. आपल्या कॅटलॉगमधून सील किट मागवले, चाकणहून दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने आले, आणि बसेना. सीलच्या ओठाचा व्यास दोन मिलिमीटरने लहान.

झाले असे होते: पुरवठादाराने मधल्या काळात मोटर बदलली होती आणि एका ठरावीक सीरियल नंबरपासून नवे किट लागत होते. त्यांच्या कॅटलॉगमध्ये दोन वेगळे नंबर होते. आपल्या विभागाने स्वतःचे नंबर देताना दोन्हींना एकच नंबर दिला होता, कारण चित्र एक, नाव एक. गोदामात दोन्ही प्रकारची किट्स एकाच पेटीत पडली होती. गोदामातल्या माणसाकडे वेगळे करायला काही साधनच नव्हते. सगळी पाकिटे आपल्या स्टिकरने झाकलेली. एका मुलाने स्टिकर सोलून खालचा मूळ नंबर वाचला तेव्हा गुंता सुटला.

तोवर आठवडा गेला. गाळप चालू असताना बगॅसचा यार्ड तुंबणे म्हणजे बॉयलरला इंधन पोचायची पंचाईत. डीलरने स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या तालुक्यातून डेमोचा लोडर ट्रेलरवर घालून आणला आणि कारखान्याचे काम चालू ठेवले. गिऱ्हाईक टिकले ते त्याच्यामुळे. कंपनीने त्याचा ट्रेलरचा खर्च नंतर भरून दिला, पण मागावा लागला, आणि हे मला आजही खटकते.

त्या उन्हाळ्यात कॅटलॉग पुन्हा केला. आता प्रत्येक ओळीत आपला नंबर, शेजारी मूळ नंबर आणि कोणत्या सीरियलपासून लागू ते आहे. परभारे भाग मागवणारी गिऱ्हाइके वाढतील ही भीती होती. तसे फारसे झाले नाही. शिपिंग, कस्टम आणि वाट पाहणे यांपेक्षा डीलरकडे दोन दिवसांत मिळणारा भाग लोकांना परवडतो.

नंतर स्टेज ५. तो २०२५ च्या १ जानेवारीला लागू झाला. पुरवठादाराचे इंजिन तयार असल्याने आपल्याला खंड पडला नाही, म्हणजे तयार लोडर घेण्याचा मूळ हिशेब बरोबर ठरला. पण युरोपात जे प्रश्न आलेच नव्हते ते इथे आले. धुराचा फिल्टर भरला की इंजिन स्वतःला तापवून त्यातली काजळी जाळते. आत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता जाते. युरोपात हे यंत्र बागेत आणि रस्त्यावर चालते. इथे ते सुक्या बगॅसच्या ढिगात उभे असते, आणि इंजिनच्या कप्प्यात बगॅसचा थर साचलेला. हा धोका डिझाइन प्रमुख बाईंनी सगळ्यात आधी ओळखला. त्यांनी दोन इंजिनिअर पूर्ण हंगाम कारखान्यात ठेवले. शेवटी ठरले ते असे: काजळी जाळणे थांबवून ठेवणारा स्विच ऑपरेटरच्या उजव्या हाताशी, कप्प्याच्या तळाला उघडता येणारी जाळी, आणि पाळी संपल्यावर यार्डाबाहेर काँक्रीटच्या मोकळ्या जागेत यंत्र उभे करून जाळणी पूर्ण करायची. ती जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखून दिली. पुरवठादाराने हा बदल नंतर स्वतःच्या यंत्रातही घेतला. परक्याच्या यंत्रावर आपल्या पोरांना शिकायला मिळणार नाही, हे बाईंचे म्हणणे इथे त्यांनीच काही अंशी खोडून काढले.

त्याच वर्षी म्हाताऱ्या मालकांनी कारखाना एका मोठ्या समूहाला विकला. या समूहाचे भारतात आधीच डीलर आहेत.

निकाल काय

आज घडीला सुमारे चारशे लोडर चालू आहेत. दरवर्षी दीडशेचा आकडा कधी गाठला, कधी नाही. यंत्रामागचा नफा तुटपुंजा आहे, सुट्या भागांवरचा बरा. ज्या कामासाठी हे केले ते मात्र झाले: लोडर घेतलेल्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांना नंतर बॅकहो घ्यायचा होता त्यांतले बहुतेक आपल्याच डीलरकडे आले. सांगलीच्या डीलरच्या दृष्टीने प्रकल्प यशस्वी आहे.

संचालकांच्या दृष्टीने तो टांगणीवर आहे. पाच वर्षांची हमी २०२७ मध्ये संपते. नव्या मालकाने कळवले आहे की त्यानंतर हेच यंत्र तो स्वतःच्या रंगात भारतात विकेल. आपल्याला पुरवठा चालू राहील, पण भाव नव्याने ठरेल. काढून टाकलेले ते कलम असते तर आज तीन वर्षांची उसंत आणि सगळे नकाशे हातात असते. चार टक्के सूट आजवर किती झाली हे हिशेब विभागाने काढले आहे; ती रक्कम नवे यंत्र डिझाइन करण्याच्या खर्चाच्या पासंगालाही पुरत नाही.

वेगळे काय करता आले असते

तयार लोडर घेण्याचा निर्णय मी आजही बदलणार नाही. खप आणि धुराचे नियम पाहता २०२१ मध्ये स्वतःचे यंत्र उभे करणे या आकाराच्या कंपनीला झेपले नसते. बदलायला हवे होते ते करारातले प्राधान्य. भावाची घासाघीस सगळ्यांना जमते आणि तिचा निकाल लगेच दिसतो, म्हणून तिच्यातच वेळ गेला. मालकी बदलण्याचे कलम, नकाशांची प्रत तिसऱ्या पक्षाकडे ठेवणे, भागांच्या बदलांची सूचना किती दिवसांत मिळावी, या गोष्टींवर शेवटच्या दिवशी संध्याकाळी चर्चा झाली, सगळे थकलेले असताना. समोरचा माणूस शब्दाचा पक्का आहे हे खरेच होते, पण करार कारखान्याशी होता आणि कारखाना विकता येतो.

भागांच्या नंबरांबाबत पार्ट्स विभागाने नफ्याची बाजू पाहिली, ती चुकीची नव्हती. पण तो निर्णय घेताना गोदामातला किंवा डीलरकडचा एकही माणूस खोलीत नव्हता. असता तर एका पेटीत दोन किट्स पडली नसती.

आणि डिझाइन विभागाला पहिल्या दिवसापासून आत घ्यायला हवे होते. वाद हरल्यावर त्यांना या यंत्रापासून लांब ठेवले गेले. स्टेज ५ चे इंजिन आल्यावरच बोलावले. मोठा कूलर आणि पंख्याचे काम सुरुवातीला पुरवठादाराच्या लोकांनी केले, ते आपल्या पोरांना करता आले असते आणि मोबदल्यात डिझाइनचे काही हक्क मागता आले असते.

सध्या दोन कामे समांतर चालू आहेत. नव्या मालकाशी बोलणी सुरू आहेत की बाहू, बकेट आणि केबिन चाकणला बनवायचे आणि फक्त इंजिन व ड्राइव्हचा भाग तिकडून घ्यायचा. दुसरीकडे बाईंच्या हाताखाली आठ जणांचा गट ट्रॅकवाल्या छोट्या लोडरचा नमुना बांधतो आहे, स्वतःचा. त्याची केबिन चाचणीसाठी येत्या उन्हाळ्यात तयार होईल. बोलणी कशीही वळली तरी नमुन्याचे काम थांबवायचे नाही, एवढे संचालकांनी लेखी दिले आहे.